चिबडाचे विडे

एकदा एका नगरीत माणसे वाढली आणि जागा संपली. ओढ्याकाठच्या त्या नगरीला चहूबाजूंनी तट होता, आणि तटाच्या आत घरे एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकून कशीबशी उभी होती. सगळ्यांत वाईट दशा कोष्टी आळीची. एकाच खोलीत माग, चूल, पाळणा आणि कोपऱ्यात खोकणारे म्हातारे माणूस. गेल्या पावसाळ्यात तिथल्या काही भिंती खचल्या. भिंतीखाली कोणी सापडले नाही, ही दैवाची कृपा. तेव्हा नगरीचा कारभार पाहणाऱ्या देशमुखीणबाईंनी हुकूम दिला की तटाबाहेर नवी पेठ वसवा आणि कोष्ट्यांना तिथे घरे द्या.

पेठेची आखणी करायची ती नगरीच्या वृद्ध स्थपतीने. रस्ता कुठून जावा, घरे कुठे असावीत, मोरी कुठे वळवावी, हे सारे त्यांच्या शब्दावर ठरे. लोक त्यांना आप्पा म्हणत. आप्पांनी हे काम आपल्या शिष्येवर सोपवले. तिचे नाव सगुणा. ती कोष्टी आळीतच जन्मलेली. आखणीत तिचा हात सरळ होता, आणि जीभ त्याहून सरळ. तिची आई त्या आळीतल्या सगळ्यांत ओल्या खोलीत मागावर बसे आणि धोट्याच्या प्रत्येक फेरीला खोकत असे. त्यामुळे नव्या पेठेचा नकाशा सगुणाने जीव ओतून काढला.

जागा शोधायला तिला कष्ट पडले नाहीत. त्या नगरीच्या आखणीकारांची एक रीत होती. ज्या जमिनीला नाव आहे आणि मालक आहे, तिला रंग द्यायचा. घरे तांबडी, देवळे पिवळी, शेते हिरवी. मावळतीचा उंच घोडेमाळ देशमुखांचा, म्हणून त्याला हिरव्यावर सोनेरी कड. जिला नाव नाही, मालक नाही, ती जमीन कोरी सोडायची. उगवतीला तटाला लागून असा एक मोठा कोरा तुकडा होता. सखल, बारमाही ओला, पाणकणसांनी भरलेला. लोक त्याला नुसते चिबड म्हणत आणि नाकाला पदर लावून पुढे जात. सगुणाने त्या कोऱ्या तुकड्यावर पेठ आखली. नगरीतले मोठे व्यापारी तिपण्णा शेठ यांनी भराव घालायला आपल्या बैलगाड्या देऊ केल्या. मोबदल्यात त्यांना रस्त्याच्या कडेची दुकाने हवी होती. सगळे जुळून आले होते. आता आप्पांचा शिक्का आणि सभेची मान्यता, एवढेच बाकी होते.

आप्पांनी नकाशा मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला.

"आखणी सुरेख आहे," ते म्हणाले.

"मग शिक्का उठवा."

आप्पा उठले, फडताळातून पितळेचे एक तबक काढले आणि तिच्या हातात दिले.

"हे काय?"

"तबक."

"ते दिसतंय, आप्पा."

"सभेला अजून अवकाश आहे. तोवर चिबडावर जात जा. त्या जमिनीला आपण कामावरून काढतोय ना? तिच्याकडे कामं किती आहेत ते बघ, आणि तितके विडे लावून या तबकात घालून आण."

सगुणा त्यांच्याकडे पाहतच राहिली. विड्याची रीत तिला माहीत नव्हती असे नाही. द्वारपाल असो, दिवे लावणारा असो वा पाणक्या, नगरीच्या कामावरचा माणूस काम सोडणार असला की त्याच्या कामाचा विडा भर सभेत तबकात ठेवत. जो कोणी तो उचलून तोंडात घालील, त्याने ते काम पत्करले. विडा तबकात पडून आहे तोवर जुन्या माणसाची सुटका नाही. वेशीवरच्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा विडा कोणी उचलेना, तेव्हा त्याने नातवाच्या लग्नाच्या अक्षता वेशीवरूनच टाकल्या होत्या. पण ही रीत माणसांची. चिखलाचा विडा कोणी लावला होता?

म्हाताऱ्या माणसांची ही खोड सगुणाला मुळीच सोसत नसे. उत्तर माहीत असले तरी ते सरळ हातावर ठेवणार नाहीत. कोड्याच्या फडक्यात बांधून, वर गाठ मारून देतील. तिने तबक काखेत मारले आणि चिबडाच्या काठाशी जाऊन उभी राहिली. नाकाला पदर लावला. चिखल होता, पाणकणसे होती, डास होते, कुठेतरी एक बेडूक ओरडत होता. ती तशीच परत आली आणि रिकामे तबक आप्पांच्या पुढ्यात आदळले.

"एकही नाही. वास मारणे हे काम धरत असाल तर एक."

"वास तुमच्या आळीलाही येतो," आप्पा म्हणाले. "म्हणून तुझी आई बिनकामाची ठरते का?"

सगुणाचा चेहरा लाल झाला.

"चिबड पाहिलंस, की आठवलंस?" त्यांनी विचारले.

 खरोखरच, काठावर उभे राहून तिने लहानपणापासून जे ऐकले होते तेवढेच मनात पुन्हा म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी ती गेली ती रागाने. या वेळी रस्त्याने न जाता आपल्या आळीतूनच, मोरीच्या कडेकडेने निघाली. त्या दिवशी आळीत निळीचे पिंप उपसले होते. मोरीतून गर्द निळे पाणी वाहत होते आणि तटाखालच्या भोकातून थेट पाणकणसांत शिरत होते. सगुणा थांबली. हे पाणी ती जन्मापासून पाहत आली होती. पण आज तिच्या मनात एक अगदी साधा प्रश्न आला, आणि तो आधी कधीच आला नव्हता याचे तिला नवल वाटले. हा निळा रंग पुढे जातो कुठे?

तिने लुगड्याचा ओचा खोवला आणि चिबडाला वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेली. तिथून एक बारीक धार ओढ्याकडे निघत होती. घाटावर बाया पांढरी धोतरे धूत होत्या. कोणाच्याही धोतराला निळा डाग नव्हता. सगुणाने पांढऱ्या पदराची एक चिंधी फाडून त्या धारेत बुडवली. चिंधी जशीच्या तशी, पांढरी. मग धावत मागे जाऊन मोरीच्या तोंडाशी दुसरी चिंधी बुडवली. ती निळी झाली. दोन्ही चिंध्या हातात घेऊन ती उलटसुलट करून पाहत राहिली. निळीचा रंग हातावरचा जायला किती दिवस लागतात हे कोष्ट्याच्या पोरीला कोणी सांगायला नको. आणि इथे ही पाणकणसे ते पाणी गुमान आत घेत होती, आणि दुसऱ्या बाजूने निर्मळ करून सोडत होती.

तिने तिथेच बसून कमरेच्या चंचीतून पान काढून पहिला विडा लावला. मग मात्र तिचे पाऊल घराकडे वळेना.

उगवतीच्या आळीत एक विहीर होती. भर वैशाखात तिथे जनाकाकू नावाच्या एक बाई निवांत घागर भरत होत्या.

"काकू, पाणी आहे अजून?" सगुणाने विचारले.

"का? आमच्या विहिरीने उपास धरावा असं वाटतं का तुला?"

"मावळतीकडच्या विहिरी तर होळीलाच आटल्या."

"त्यांची करणी त्यांच्यापाशी. आमचे सासरे फार पुण्यवान हो. विहीर त्यांनी खणली."

"काकू, चिबड जवळ आहे म्हणून तर नसेल?"

"इश्श! त्या घाणीचं नि माझ्या विहिरीचं काय नातं?" जनाकाकूंनी घागर कमरेवर घेतली आणि निघून गेल्या.

सगुणा मात्र विहिरीत वाकून पाहत राहिली. मग पुढच्या विहिरीत, मग त्याच्या पुढच्या. जसजशी ती चिबडापासून दूर जाई, तसतसे पाणी खोल जाई. शेवटच्या विहिरीत पाणीच नव्हते; तिथून तिला फक्त आपला प्रश्न घुमून परत आल्यासारखा वाटला. पुण्यवान सासरे काय एकाच टोकाला राहत होते?

संध्याकाळी ती तटावर बसली. तिच्या आळीत लोक सुपांनी आणि पदरांनी वारा घेत होते. चिबडाकडच्या ओट्यांवर पोरे अंगावर चादर ओढून कलंडली होती. तिने आणखी एक पान काढले. असे होता होता तिचा राग कुठे गेला ते तिलाच कळले नाही. ती पहाटे जाई, दुपारी जाई. चिखलात पाय रुतवून उभी राही. तिथले गवत कोण कापून नेते, चटया कशाच्या विणतात, संध्याकाळी पाखरांचे थवे उतरून कशावर तुटून पडतात, असे विचारत सुटे. लोक म्हणू लागले की पोरीच्या डोक्यावर ऊन चढले.

आणि मग एके सकाळी ती पाणकणसांतून वाट काढत चिबडाच्या मध्यावर गेली. तिथे बाभळीची काही जुनी झाडे होती. एका खोडाला वाळलेला गाळ चिकटलेला होता, फांद्यांत काटक्या आणि गवताचा पेंढा अडकला होता. हे इथे कोणी ठेवले? तिने हात वर केला. गाळाची रेघ तिच्या हाताच्याही वर होती. सगळ्या झाडांवर, एकाच उंचीवर.

दर श्रावणात ओढा फुगे. बाजारात घोट्याएवढे पाणी येई, लोक हसत हसत वहाणा हातात घेत आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओसरे. उरलेला सगळा ओढा त्या रात्री कुठे मुक्कामाला जातो, हे कोणीही विचारले नव्हते.

सगुणाने कमरेची नकाशाची वळकटी सोडली. बाभळीची जागा बोटाने शोधली. तिथे तिने आईचे घर आखले होते. उगवतीला खिडकी ठेवली होती, मागावर ऊन पडावे म्हणून.

तिचे बोट त्या खिडकीवर बराच वेळ टेकलेले राहिले.

त्या दुपारी ती आप्पांकडे गेली ती वादळासारखी.

"तुम्हाला माहीत होतं!"

"पुराचं माहीत होतं," आप्पा म्हणाले. "निळीचं नव्हतं. ते तू मला शिकवलंस."

"मग तोंड उघडून सांगितलं का नाही? मी माझ्या आईला पाण्याखाली नेऊन ठेवणार होते, आप्पा! आणि तुम्ही मला तबक देता!"

"सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस. हा तुकडा सोडून दुसरा कोरा तुकडा शोधला असतास आणि त्याच्यावर अशीच पेठ आखली असतीस. मी बोललेलं तू विसरशील. झाडावरची रेघ विसरणार नाहीस."

हे खरे होते, म्हणूनच सगुणाला अधिक संताप आला.

"बरं. पण कोष्ट्यांनी राहायचं कुठे?"

"ते सभेला ठरवू दे."

"सभा ठरवत नाही, आप्पा. सभा पुढे ढकलते. आणि तोवर आमच्या भिंती थांबतात का?"

 आप्पा चुन्याच्या डबीचे झाकण घट्ट करीत राहिले.

सभेच्या दिवशी देवळाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर देशमुखीणबाई, शेजारी त्यांचे चांदीचे पानदान. एका बाजूला तिपण्णा शेठ, दुसऱ्या बाजूला सगळी कोष्टी आळी. पुढे सगुणाचा मामा बाबाजी, नव्या घराच्या आशेने धुतलेले पागोटे बांधून. मागे सगुणाची आई, तोंडावर पदर धरून. सगुणाने तबक मध्यभागी ठेवले. ते विड्यांनी भरले होते.

देशमुखीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "एवढे विडे? कोण कोण मेलं, आप्पा?"

"अजून कोणी नाही, बाईसाहेब. म्हणूनच आणले."

"हे कोणाच्या कामाचे?"

"चिबडाच्या," सगुणा म्हणाली.

मंडपात खसखस पिकली. तिपण्णा शेठ तर मोकळेपणाने हसले. "आप्पा, अहो माती ती माती. ती काय पगार घेते, की तिचा विडा ठेवायचा?"

तेव्हा आप्पा उभे राहिले. ते सभेत क्वचितच बोलत, त्यामुळे हसू आपोआप विरले.

"शेठ, पगार घेत नाही, हेच तर तिचं चुकलं. जो पगार घेतो तो आपल्याला दिसतो. पहारेकरी एक दिवस आला नाही तर आपण विचारतो, वेशीवर कोण? पण जी जमीन मागत नाही, तिचं काम आपण काम धरलंच नाही. आम्ही आखणीकारांनी तिला कोरी सोडली, आणि कोऱ्या जागी सगळ्यांना कागद दिसतो, जमीन दिसत नाही. मी असं म्हणत नाही की तिला हात लावू नका. नगर वाढणार, जमिनीची कामं बदलणार. पण माणसाला काढताना आपण विचारतो ते जमिनीलाही विचारावं, एवढंच. हिच्यामागं हिचं काम कोण करील? ज्याला करता येईल त्याने विडा उचलावा. सगळे विडे उचलले गेले, तर आजच भराव घाला."

सगुणाने एकेक विडा दाखवून त्याचे काम सांगितले. आळीच्या मोरीचे पाणी निर्मळ करणे. उगवतीच्या विहिरींना उन्हाळाभर पाणी पुरवणे. फुगलेल्या ओढ्याला निजायला जागा देणे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा गार करणे. गुरांना चारा, चटयांना पाणकणीस, आणि शेतातल्या किड्यांवर तुटून पडणाऱ्या पाखरांना घर.

"आणि डासांचा विडा?" कोणीतरी मागून ओरडले.

"डास आहेत," सगुणा म्हणाली. "पहारेकरीही घोरतो. म्हणून वेस उघडी टाकता का?"

तिपण्णा शेठ खरोखर सज्जन माणूस होते. ते पुढे आले आणि त्यांनी विहिरींचा विडा उचलला. "यात काय मोठंसं! माझ्या पैशाने मी नव्या विहिरी खणून देतो."

"खणाल, शेठ. त्यांत पाणी कोण घालणार?"

शेठ घुटमळले. त्यांनी विडा परत ठेवला आणि पुराच्या विड्याकडे बोट केले. "ओढ्याला बांध घालू."

"बांधाने पाणी चिबडात यायचं थांबेल," आप्पा म्हणाले. "मग ते जाईल कुठे? तुमची पेढी कुठे आहे, शेठ?"

पेढी बाजारात होती. बाजार चिबडाखालोखाल सखल होता. शेठ मागे सरकून आपल्या जागी बसले. सगळा मंडप विड्यांकडे पाहत राहिला आणि कोणाचाही हात पुढे आला नाही. बाबाजी मामाच्या तेवढ्यात लक्षात आले की चालले आहे काय. तो ताडकन उठला.

"पोरी, तू आमची की चिखलाची? तुझ्या आईने तुला शिकायला धाडलं ते यासाठी? बेडकांची सोय बघितलीस, आणि आमची?"

सगुणाने त्याला बाभळीवरची रेघ सांगितली. हात वर करून, किती उंच ते दाखवले. आईचे घर कुठे आखले होते तेही सांगितले. मामा उभाच राहिला. 

देशमुखीणबाईंनी सुस्कारा टाकला. "विडे उचलले गेले नाहीत. रीत म्हणजे रीत. चिबड आपल्या कामावर राहील. पेठेचं पुढच्या सालाला बघू."

 मागून सगुणाच्या आईच्या खोकल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. आप्पांनी समाधानाने उपरणे झटकून खांद्यावर टाकले.

"आप्पा, उठू नका," सगुणा म्हणाली.

आप्पा अर्धवट उठले होते, ते पुन्हा बसले.

"चिबडाचं झालं. कोष्ट्यांचं झालं नाही." ती सरळ चालत देशमुखीणबाईंपर्यंत गेली. "बाईसाहेब, एक पान घेते." आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने चांदीच्या पानदानातून पान उचलले, चुना लावला, कात-सुपारी घालून विडा बांधला, लवंग टोचली आणि तो तबकात, बाकीच्या विड्यांपासून अलग ठेवला.

"हा कोणाचा?"

"घोडेमाळाचा."

 मावळतीचा तो उंच, कोरडा, खडकाळ माळ. देशमुखीणबाईंच्या सासऱ्यांच्या काळी तिथे पागा होती, शेकडो घोडी चरत. नकाशावर त्याला सोनेरी कड होती, आणि त्या कडेच्या आत पाहण्याची आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

"माझा माळ काय काम करतो, हे तू मला विचारतेस?" देशमुखीणबाईंचा आवाज खाली गेला.

"जे चिबडाला विचारलं तेच विचारते. बिनमालकाच्या जमिनीला एक रीत आणि मालकाच्या जमिनीला दुसरी, असं असेल तर तेही सांगा. मी नकाशावर तसं लिहीन."

"तिथे घोडी चरतात."

"किती, बाईसाहेब?"

देशमुखीणबाईंनी मागे पाहिले. तिथे घोडी सांभाळणारा त्यांचा वृद्ध मोतद्दार उभा होता. तो पुढे आला. "पांढरी गेली, बाईसाहेब, संक्रांतीला. उरला एक. त्याचे दात गेलेत. तो चरत नाही. त्याला हरभरा भिजवून द्यावा लागतो."

कोणी हसले नाही, पण सगळे हसू दाबत आहेत हे सगळ्यांना कळत होते.

"माळ उंच आहे, तिथे पुराचं भय नाही," सगुणा भराभर बोलू लागली. "भराव घालायला नको. शेठच्या गाड्या दगड वाहतील. प्यायचं पाणी उगवतीच्या विहिरींतून पखालींनी वर नेऊ. चिबड शाबूत आहे तोवर त्या आटत नाहीत, हे मी वाकून पाहिलंय."

"चढ आहे," तिपण्णा शेठ पुटपुटले. "माझी दुकानं कोण चढून येईल?"

"चढून दमलेलं गिऱ्हाईक पहिल्या दुकानातच बसतं, शेठ."

शेठनी यावर थोडा विचार केला आणि मान हलवली. देशमुखीणबाई मात्र त्या एकट्या विड्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला, विडा उचलला आणि तोंडात घातला. सावकाश चावला.

"घोड्याला मी माझ्या परसात ठेवीन," त्या म्हणाल्या. "आणि पोरी, चुना फार लावतेस."

सभा उठली. कोष्टी आळी आनंदाने एकमेकांच्या गळ्यात पडत होती. आप्पा मंडपाच्या पायरीवर एकटेच बसले होते. सगुणा त्यांच्याजवळ जाऊन बसली. 

"तुला कोरी जमीन दिसत नव्हती," आप्पा म्हणाले. "मला रंगवलेली दिसत नव्हती. एवढी वर्षं त्या माळावरून रोज जातो. पण विडा फक्त बिनमालकाच्या जमिनीचा लावायचा असतो, असं मी धरून चाललो होतो."

सगुणाला बोलायला पुष्कळ सुचत होते. पण त्यांच्या आवाजात कोडे नव्हते, गाठ नव्हती. म्हाताऱ्याने पहिल्यांदाच उत्तर सरळ हातावर ठेवले होते. तिने ते तसेच घेतले.

"चला," ती म्हणाली. "उकडतंय इथे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबाजी मामा खांद्यावर खुंट्या आणि सुतळीचे रीळ घेऊन माळावर पोचला. सगुणा आधीच आलेली होती. ती खडकावर उकिडवी बसून गवतातल्या एका बारीक ओघळीकडे पाहत होती. ओघळ कोरडी होती, पण तिच्या काठाचे गवत बाकी माळापेक्षा हिरवे होते. जवळच एका चंडोलाने जमिनीवर घरटे केले होते.

"सांग," मामा हातोडा सरसावून म्हणाला, "पहिली खुंटी कुठे ठोकू?"

"थांब, मामा. इथे आधीपासून काय काय चाललंय ते बघू दे."

मामाने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा गवताकडे पाहिले. तो काहीतरी खरमरीत बोलणार होता. पण त्याला काल उंच केलेला तिचा हात आठवला असावा. त्याने खुंट्या हलकेच खाली ठेवल्या, कमरेची चंची सोडली आणि तिच्या शेजारी खडकावर बसला.

"ही ओघळ जाते कुठे गं?" थोड्या वेळाने त्यानेच विचारले.